एलादिओचं टक्कल

फेमियाला डोंगर आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की ही बाई झाडांच्या प्रेमात पडली होती. तसं काही नव्हतं. ती खालच्या सपाटीवरच्या बटाटेवाल्यांची मुलगी. लग्न होऊन आमच्या ओहितो गावात आली आणि तीस-पस्तीस वर्षं डोंगराच्या पायथ्याशी राहूनही वर म्हणून कधी गेली नाही. "दिसतो की खिडकीतून. आणखी किती जवळून बघायचा?" असं म्हणायची. त्याच बाईनं पुढची वीसेक वर्षं त्याच डोंगरावरचं कुंपण पायांखाली घालून पिंजून काढलं, आणि तिला गाडी चालवता येत नसल्यामुळे तिला वर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. काही ऐकलेलंही आहे, कारण आमच्या गावात न ऐकून राहताच येत नाही.

ती माझी कोमाद्रे. माझ्या थोरलीच्या बाप्तिस्म्याला पोरीला हातावर घेऊन उभी राहिली ती फेमिया. तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, अगदी भांडतानासुद्धा.

गावाच्या वर उतारावर ॲस्पेनचं जुनं रान होतं. पांढऱ्या खोडांचं, वारा नसतानाही पानं हलणारं. शरदात पिवळं झालं की बाहेरगावचे लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे आणि आमच्या गुरांना बिचकवायचे. आमच्या पणज्यांच्या काळात डोंगराला मोठी आग लागली होती, तिच्या राखेतून हे सगळं एकदम उगवलेलं. त्यामुळे झाडं सगळी एकाच वयाची. एकाच वयाच्या माणसांचं गाव असावं तसं ते होतं: खोकायला लागली तीही सगळी एकदमच. शेंडे वाळले, सालीवर काळे डाग पडले, दर हिवाळ्यात आडवी पडायला लागली. त्यांच्या पायाशी देवदाराची रोपं गुपचूप वर सरकत होती. आणि त्या रानाखालीच आमचा झरा. झऱ्यातून पाट, पाटातून आमच्या गुरांचा लसूणघास, आमच्या मिरच्या, आमची वाटाण्याची शेतं.

फेमियाचा नवरा एलादिओ मान्सानारेस हा गावाचा पाटकरी. कुणी किती वेळ पाणी घ्यायचं हे ठरवणारा. अशा माणसावर गावात निम्मे लोक कायम रागावलेले असतात आणि उरलेले उद्या रागावणार असतात. झरा बारीक होतोय हे आधी त्याच्या लक्षात आलं. वनखात्याच्या बाईला घेऊन तो डोंगरावर चार वेळा फिरला आणि मग चर्चच्या सभागृहात त्यानं गाव गोळा केलं.

"ही झाडं मरणारच," तो म्हणाला. "उभी उभी मेली तर मुळंही मरतील, आणि वर देवदार बसतील. जिवंत आहेत तोवर कापली तर मुळांतून नवी फुटतील, हजारोंनी. या झाडाची रीतच ती आहे. म्हातारा जागा सोडत नाही तोवर खालचं पोरगं उठत नाही."

"मग आधी तू सोड की जागा, दादा," मागून त्याचा धाकटा भाऊ फिदेन्सिओ ओरडला. सगळं सभागृह हसलं. एलादिओही हसला. पाटाची चावी पंचवीस वर्षं त्याच्याकडेच होती आणि फिदेन्सिओचा तिच्यावर डोळा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तरी लोकांनी हो म्हटलं. झऱ्याची भीती होतीच. हिवाळ्यात जमीन गोठल्यावर करवतवाले आले, सगळा उतार कापून ओंडके घेऊन गेले. बर्फ वितळलं आणि गाव जागं झालं. गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारा तो उतार भुंडा, मातकट, खुंटांनी भरलेला. आमच्या आज्यांनी ज्या रानाकडे बघत भांडी घासली, त्याच्या जागी हे. त्याच दिवशी कुणीतरी त्याला 'एलादिओचं टक्कल' म्हटलं. कुणी म्हटलं ते माहीत नाही. मला विचाराल तर फिदेन्सिओनंच. पण नाव असं चिकटलं की निघता निघेना. पोरं म्हणायला लागली, टपालवाला म्हणायला लागला. हरवलेली गाय कुठे दिसली, तर टक्कलाच्या डाव्या अंगाला. पाद्रीबाबांनीसुद्धा एकदा प्रवचनात पावसासाठी प्रार्थना करताना टक्कलाचा उल्लेख केला आणि मग जीभ चावली.

एलादिओ मनावर घ्यायचा नाही. "जुलै येऊ दे," म्हणायचा.

जुलै आला आणि फुटवे आले. न्हाव्यानं डोकं भादरल्यावर चार दिवसांनी खुंट येतात तसे, पण हिरवे, बोटाएवढे, पाय ठेवायला जागा नाही इतके दाट. एलादिओनं लोकांना वर नेऊन दाखवले. लोकांनी पाहिले आणि "गवत दिसतंय" म्हणून खाली उतरले. त्यांच्यापाठोपाठ एल्क आले. एल्क म्हणजे सांबरच, पण घोड्याच्या अंगाचं आणि गावगुंडाच्या स्वभावाचं. ॲस्पेनचा कोवळा फुटवा म्हणजे त्यांची मिठाई. दोन आठवड्यांत त्यांनी वरचा कोपरा साफ केला.

म्हणून कुंपण आलं. दोन माणसांच्या उंचीचं, जाड तारेचं, सगळ्या उताराभोवती. फुटव्यांचे शेंडे एल्कच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत ते टिकवायचं, आणि टिकवायचं म्हणजे राखायचं. दर वसंतात आजूबाजूची जुनी झाडं त्याच्यावर पडलेली असतात. कधी वाऱ्यानं बर्फाचा असा ढीग लागतो की एल्क त्यावरून चालत आत उतरेल. तारा तुटतात, खांब उपटतात. जाऊन बघावं लागतं, सगळंच्या सगळं, पायी. ते काम एलादिओनं अंगावर घेतलं. घ्यावंच लागलं. टक्कल त्याचं होतं ना.

आता एक अडचण होती, आणि ती आमच्या गावालाच सुचली असती. आमची मेंढवाट त्या उतारावरून जाते. उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरलेल्या मेंढ्या शरदात खाली येतात त्या याच वाटेनं, आणि ती वाट हलवायची म्हटली तर माणसं बंदूक काढतील. तेव्हा कुंपणाला दोन फाटकं ठेवावी लागली, वर एक आणि खाली एक. वर्षातून एक दिवस ती उघडायची, कळप हाकत न्यायचा, खालच्या फाटकाशी गावजेवण करायचं आणि फाटकं लावायची.

पण लावायची कधी? मेंढपाळांचा जुना नेम आहे की उतरत्या कळपाच्या पाठीवर फाटक लावायचं नाही. एक रात्र ते उघडं ठेवायचं, मागे राहिलेल्यांसाठी. चुकलेल्या मेंढ्या, आणि वर डोंगरावर जे गेले ते. विजेनं गेले, हिमात गेले, तापानं गेले. त्यांनाही थंडीच्या आधी घरी यायचं असतं. हा नेम कुठल्याही पाद्र्यानं शिकवलेला नाही, पण आमच्याकडे कुणी मोडत नाही. एलादिओनं मोडला. शेवटची मेंढी आत आली की हा वरचं फाटक लावून मोकळा. म्हातारे पुटपुटले, तर म्हणाला, "मेलेल्यांना फाटक लागत नाही. एल्कना लागतं." बरोबरच होतं त्याचं. पण बरोबर असणं आणि चांगलं दिसणं यांत फरक असतो, आणि तो एलादिओला कधी कळला नाही.

फुटवे कंबरेला आले त्या वर्षी, ऑगस्टात, तो वर तारा ओढायला गेला आणि परतला नाही. फिदेन्सिओ शोधायला गेला, तर हा खांबाला टेकून बसलेला, मांडीवर पक्कड, टोपी डोळ्यांवर. फिदेन्सिओला आधी वाटलं, झोपलाय. त्यानं हाकही मारली म्हणे: "दादा, ऊठ, काम चुकवतोस." हे तो आजही सांगतो आणि सांगताना त्याचा चेहरा बघवत नाही.

अंत्यविधीनंतर फेमियाच्या घरी जेवण होतं. ती स्वतःच वाढत होती, कुणाचं ऐकेना. दूरच्या गावाहून आलेल्या कुणीतरी शेजारच्याला विचारलं की गेला कुठे, दवाखान्यात की घरी? शेजारचा खाता खाता म्हणाला, "टक्कलावर गेला." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आम्ही सगळे तसंच म्हणायचो. फेमियाच्या हातात वाटाण्याचं पातेलं होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं, त्याच्या ताटात नीट वाढलं आणि आत आली.

मी भांडी घासत होते. ती माझ्याशेजारी पुसायला उभी राहिली.

"कोमाद्रे, पंचवीस वर्षं त्यानं या लोकांना पाणी दिलं," ती म्हणाली. "आणि त्याचं नाव कशाला चिकटलंय बघ. भुंड्या जमिनीला."

"म्हणू दे गं. लोकांच्या तोंडाला काय दार आहे?"

"ते टक्कल जायला पाहिजे. मला बाकी काही नको. ते गेलं की मी सुटले."

पुढच्या आठवड्यात ती माझ्या दारात उभी. एलादिओचे बूट घातलेले, पुढे कापडाचे बोळे कोंबून. हातात त्याची पक्कड. "चल, वर सोड," म्हणाली. मी म्हटलं, तुला डोंगराची चीड आहे. ती म्हणाली, "आहेच. गाडी काढ." अर्ध्या तासात तिला धाप लागली, पाऊण तासात तिनं दोन संतांना आणि वनखात्याला शिव्या घातल्या. तरी संध्याकाळपर्यंत आम्ही एक बाजू पुरी केली. फुटवे तिच्या कंबरेएवढे होते. तिनं त्यांच्याकडे धड पाहिलंही नाही. ती तार बघत होती.

मग शरद आला आणि कळप उतरला. खालच्या फाटकाशी मेंढीचं कालवण, मिरच्या, भाकऱ्या असं सगळं चाललं होतं. फेमिया, मी आणि फिदेन्सिओ वरच्या फाटकाशी होतो. शेवटची मेंढी आत आली. फिदेन्सिओ फाटक ओढायला लागला.

"राहू दे," फेमिया म्हणाली.

"वहिनी, दादा लगेच लावायचा."

"तेव्हा तो आत होता." ती फाटकाला टेकून वरच्या डोंगराकडे बघत होती. "आता तो बाहेरच्यांत आहे. आज रात्री उघडं राहू दे."

फिदेन्सिओनं माझ्याकडे पाहिलं. तो फाटक सोडून खाली निघाला. एलादिओनं दर शरदात जो नेम मोडला तो त्याच्याच बायकोनं त्याच्यासाठी पाळला, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या रात्री बर्फ पडलं, हंगामाच्या मानानं लवकर आणि जास्त. सकाळी आम्ही दोघी वर गेलो तेव्हा गुडघाभर होतं. फाटक उकरून काढावं लागलं. खाली मेंढ्यांच्या खुरांचा चिखल, वर पांढरं बर्फ, आतबाहेर कशाचा माग म्हणून दिसत नव्हता, आणि धुक्यात चार खुंटांपलीकडचं काही कळत नव्हतं. फेमिया थोडा वेळ आत बघत उभी राहिली. मग तिनं फाटक लावलं, साखळी घातली, तार गुंडाळली. "आला असेल," म्हणाली, आणि गाडीत बसून घरापर्यंत झोपली.

त्या हिवाळ्यात खिडकीतून वर पाहिलं की टक्कलाच्या कडेला काळे ठिपके दिसायचे. एल्क. आम्हाला वाटलं, कुंपणाच्या बाहेर आहेत. आम्ही हसायचो. फिदेन्सिओ दुकानात सांगायचा, "बघा, उपाशी पाहुणे पंगतीकडे बघत बसलेत." फेमियासुद्धा एकदा हसली. विधवा झाल्यापासूनचं तिचं ते पहिलं हसू, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

बर्फ उतरल्यावर आम्ही वर गेलो. फाटकाच्या आतल्या बाजूला एक मादी एल्क उभी होती. कधीची वाट बघत असावी तशी. तिच्यामागे आणखी सहा-सात, वासरांसकट. आत एक फुटवा शाबूत नव्हता. सगळे घोट्याएवढे, टोकं चावून चावून पांढरी पडलेली, आणि सगळीकडे लेंड्या. कुंपणानं शेत खाल्लं म्हणतात ते मी तोवर नुसतं ऐकलं होतं. त्या रात्री उघड्या फाटकातून ते बर्फाच्या आडोशाला आत आले, सकाळी आम्ही त्यांना साखळी लावून कोंडलं, आणि हिवाळाभर त्यांनी दुसरं काय खायचं?

फेमिया एका खुंटावर बसली. रडेल असं मला वाटलं.

"मी फाटक कुणासाठी उघडं ठेवलं," ती म्हणाली, "आणि आलं कोण!"

एल्कना हाकलायला सगळं गाव लागलं. पातेली, कुत्री, घोडे, दिवसभर आरडाओरडा. शेवटचं वासरू बाहेर गेलं तसा फिदेन्सिओ घामाघूम होऊन फेमियासमोर आला.

"वहिनी, बस झालं. उपटू या कुंपण. मला कोकरांच्या वाड्याला तार लागतेच आहे. लोक काय म्हणायचं ते म्हणूनच चुकलेत."

वनखात्याच्या बाईनं एक मूळ उकरून कापून दाखवलं. आत ओलं होतं. ती म्हणाली की अजून एकदा फुटतील, आधीपेक्षा कमी, पण फुटतील. मुळांत साठवलेलं तेवढं आहे. हे फुटवेही गेले तर मात्र पुन्हा येतील याचा तिला भरवसा नव्हता. सगळे फेमियाकडे बघायला लागले.

"मी दमलेय," ती म्हणाली.

"मग झालं तर," फिदेन्सिओ म्हणाला.

"दमलेय एवढंच सांगतेय. नाही म्हणतेय असं तुला कुणी सांगितलं?"

तिथून पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, कारण ती सगळी सारखीच होती. वसंतात पडलेली झाडं कापायची, तारा जोडायच्या. उन्हाळ्यात फोटो काढायला तारा कापून आत शिरणाऱ्या पाहुण्यांना हाकलायचं. एकदा तर एक जोडपं आत चादर पसरून जेवत बसलं होतं; फेमियानं त्यांची चादर खाली अंगणात आणून वाळत घातली आणि ती मागायला यायची त्यांची हिंमत झाली नाही. आमच्या डब्यातल्या वाटाणे भरलेल्या भाकरीच्या गुंडाळ्या दुपारपर्यंत गारठून दगड व्हायच्या. तिचे गुडघे गेले, मग कंबर गेली. उतरताना ती माझा खांदा धरायची आणि माझ्या खांद्याचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. मी चिडून म्हणायचे, "तुझ्या नवऱ्याच्या नावापायी माझा जीव जायचा." ती म्हणायची, "तुझा नवरा गेला की मीही तुझ्याबरोबर कुठेतरी येईन. कुठे ते आत्ताच ठरवून ठेव." माझा नवरा हे ऐकून बाहेर निघून जायचा.

खरं सांगते, त्या कामात काही थोर वगैरे नव्हतं. थकवा होता. एकच तार तुम्ही पाचव्यांदा जोडता तेव्हा मनात कुठलंही रान येत नाही, फक्त खुर्ची येते. दोन हिवाळे असे गेले की फुटवे बोटभरही वाढले नाहीत. मी एकदा विचारलं, सोडून का देत नाहीस? तिनं तार पिळून घट्ट केली. मग म्हणाली, "घरी बसले तर खिडकीतून तेच दिसतं."

आणि दर शरदात शेवटच्या मेंढीच्या शेपटीवर ती फाटक लावायची. म्हाताऱ्यांना ते फार लागलं. एकदा आंद्रेलिनो नावाचा जुना मेंढपाळ, ज्याचा भाऊ वर विजेनं गेला होता, टोपी काढून, नावाला मानाचं 'दोन्या' लावून तिला विचारायला उभा राहिला.

"दोन्या फेमिया, मागे राहिलेल्यांचं काय?"

"मागे राहिलेल्यांत माझंही माणूस आहे," ती साखळी घालत म्हणाली. "येऊ दे राग त्याला. मी आयुष्यभर त्याचा राग सोसलाय."

म्हाताऱ्यानं टोपी घातली आणि तिच्या हातातली जड साखळी घेऊन स्वतः अडकवली.

एका वसंतात तिला न्यूमोनिया झाला. अंथरुणावरून ती मला हुकूम सोडत होती, कुठला खांब बघ, कुठल्या कोपऱ्यात बर्फ साठतं ते बघ. मी म्हटलं, मी एकटी मरायला जाणार नाही. तर फिदेन्सिओ आधीच जाऊन आला होता. कुणी सांगितलं नव्हतं. तीन दिवस वर राहून त्यानं सगळं कुंपण बांधून काढलं. तिच्या दारात येऊन नुसतं म्हणाला, "तार जुनी झालीय वहिनी. कोकरांच्या कामाची राहिली नाही." आणि गेला. फेमियानं भिंतीकडे तोंड केलं.

मग केव्हातरी, आम्ही तारा बघत असताना, झाडं वाढली. असंच म्हणायला हवं, कारण कुठल्या वर्षी ते मला सांगता येणार नाही. आधी माझ्या छातीला आली, मग डोक्यावरून गेली, मग एक दिवस फिदेन्सिओनं घोड्यावर बसून हात उंच केला तरी शेंड्याला लागेना. खोडं मनगटाएवढी झाली, पांढरी पडायला लागली. आत शिरायचं तर अंग आडवं करून शिरावं लागे. झरा भरला, असंही लोक म्हणायला लागले. भरला की पावसाळी वर्षं आली, हे देव जाणे. वनखात्याच्या जुन्या बाईच्या जागी नवी आली होती. ती म्हणाली, आता कुंपणाची गरज नाही, काढून टाकू.

काढायच्या दिवशी गाव जमलं. मेंढीचं कालवण, मिरच्या, भाकऱ्या, सगळं. बाहेरगावचे मजूर तारेची भेंडोळी गुंडाळत होते. फिदेन्सिओ खांब उपटण्यात गुंतला होता, म्हातारा झाला तरी त्याला उपटायला आवडतं. फेमियाला मी खुर्ची नेली होती. ती बसून होती आणि तिच्या मांडीवर ताट तसंच होतं. मला वाटलं, आज कुणीतरी उठून चार शब्द बोलेल. निदान पाद्रीबाबा. पण ते लवकर गेले, त्यांना दुसऱ्या गावी लग्न होतं.

शाळेची नवी बाई पोरांना घेऊन आली होती. कुठलीशी परगावची, चांगली मुलगी. तिनं आमच्या नव्या पाटकऱ्याला विचारलं. हा पंचविशीतला पोर, आमच्याच गल्लीतला.

"हे रान सुंदर आहे. याला काही नाव आहे का? पोरांना सांगते."

"नाव?" तो भाकरी चावत म्हणाला. "नाव कसलं? रानच म्हणतो आम्ही. पहिल्यापासूनच आहे."

तो खोटं बोलत नव्हता. झाडं कापली तेव्हा तो पाळण्यातून नुकता उतरला असेल. मी तोंड उघडलं, तर फेमियानं माझ्या हातावर हात ठेवला. मी आठवायला लागले, टक्कल हा शब्द शेवटचा कधी ऐकला. आठवेना. कुणी ठरवून सोडला नव्हता. टक्कल उरलं नाही, म्हणून शब्द गळून गेला.

उतरताना वळणावर तिनं गाडी थांबवायला सांगितली. तिथून सगळा उतार दिसतो. पानं गळून गेली होती, नुसत्या खोडांची पांढुरकी गर्दी होती, आणि तिच्यात कुंपणाची रेघ कुठे होती हेसुद्धा कळत नव्हतं.

"गेलं बघ," मी म्हटलं. "तुला हेच हवं होतं ना? म्हणत होतीस, ते गेलं की मी सुटले."

"हो," ती म्हणाली. "हेच हवं होतं."

तिनं एलादिओच्या बुटांच्या नाड्या सैल केल्या.

"दिवसातून चारदा त्याचं नाव कानावर यायचं, कोमाद्रे," ती म्हणाली. "दुकानात, चर्चमध्ये, पोरांच्या तोंडात. टोमणा म्हणून का होईना, घ्यायचे. आता घरात मी एकटी घेते तेवढंच." मग तिनं डोकं मागे टेकलं. "चल. पाय दुखतायत."